निकाहाआधी विचारा: मुलीचा वली कोण?

हॉल ठरतो, मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) ठरतो, जेवणाची ऑर्डर जाते. वलीचा, म्हणजे मुलीच्या वतीने निकाह लावून देणाऱ्या पालकाचा, प्रश्न मात्र काझीसाहेबांनी रजिस्टर उघडल्यावर निघतो. तारीख पक्की करण्याआधीच तो सोडवा.

रत्नागिरी-रायगडकडचे बहुतेक कोकणी मुसलमान शाफई. शाफई आणि हनफी हे सुन्नी धर्मशास्त्राचे दोन मजहब, म्हणजे परंपरा. शाफई मजहबात वलीशिवाय निकाह होत नाही. हनफींमध्ये सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते, तरी वली असलेला चांगला मानतात. वयात आलेली शाफई मुलगी हनफी मजहब पत्करू शकते आणि बापाच्या संमतीविना तिने केलेला निकाह वैध ठरतो, असा निकाल मुंबई हायकोर्टाने १८६४ मध्येच दिला आहे.

वलीचा क्रम असा: बाप, बापाचे वडील, सख्खा भाऊ, बापाकडून सावत्र भाऊ, भावांचे मुलगे, मग चुलते. आई किंवा मामा वली होत नाहीत, मुलीला त्यांनीच वाढवलं असलं तरी. हे ऐकताना पुष्कळ आयांचे डोळे भरून येतात. म्हणून ही गोष्ट त्यांना आधीच, शांतपणे सांगा. वली कोणीच नसेल, किंवा असलेला विनाकारण अडून बसला असेल, तर ते काम काझीकडे जातं.

बाप कुवेतला किंवा दुबईला असेल तर तो वकील, म्हणजे निकाहासाठी आपला प्रतिनिधी, नेमू शकतो. तोंडी निरोपावर भागवू नका. मुलामुलीचं नाव, मेहर आणि वकिलाचं नाव लिहून सही घ्या. दोन गवाह वेगळे लागतात. बापाने वकील नेमला म्हणून बाप स्वतः गवाह होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इजाजत, म्हणजे मुलीचा होकार, घ्यायला माणसं आतल्या खोलीत जातात, भोवती बायकांची गर्दी असते, मुलगी मान खाली घालून बसलेली असते आणि कोणीतरी मावशी बोलते, "हो म्हणाली." कुमारिकेचं मौन फिकहमध्ये (इस्लामी धर्मशास्त्रात) होकार धरतात, पण माझं आग्रहाने सांगणं आहे की तिचा आवाज ऐका, मेहरची रक्कम तिला कळू द्या, मग सही घ्या.

कायद्याने मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण हवी. आधार, वयाचा दाखला, फोटो आणि आधीचं लग्न असल्यास तलाकचे कागद किंवा मृत्यूचा दाखला जवळ ठेवा. निकाहनंतर ९० दिवसांत सरकारी नोंदणी करा. अर्जावर तीन साक्षीदार आणि काझी यांच्या सह्या लागतात. निकाहनाम्यातलं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतंय का, हे सही करण्याआधीच पाहा. व्हिसाच्या वेळी तेच अडतं.