ट्यूब लीक झाली की आम्हाला कधी फोन करावा?

(बॉयलर ट्यूब दुरुस्तीच्या आमच्या ग्राहकांसाठी)

बिल हातात पडलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न येतो: "ट्यूब एक, जॉइंट दोन, वेल्डिंग चार तासांचं. मग माणसं दोन दिवस कशाला लागली?" प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. तुमचा प्लांट तुम्ही चालवता, बॉयलर काय असतो ते आम्ही सांगायची गरज नाही. आमचं म्हणणं फक्त लीक सुरू झाल्यापासून आम्ही भट्टीत उतरेपर्यंतच्या वेळेबद्दल आहे. दोन दिवस लागणार की चार, हे तिथेच ठरतं.

लीकची खूण कंट्रोल रूममध्ये आधी दिसते. लोड तोच असताना डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचा मेकअप, म्हणजे घट भरून काढायला घालावं लागणारं पाणी, वाढतो. फीड वॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) आणि स्टीमचा फ्लो जुळेनासा होतो. आयडी फॅनचा (भट्टीतला धूर ओढणाऱ्या पंख्याचा) अँपिअर चढतो, भट्टीचा ड्राफ्ट (आतल्या हवेची ओढ) हेलकावे खायला लागतो. इकॉनॉमायझरच्या (जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या भागाच्या) हॉपरची, म्हणजे खाली राख साठणाऱ्या पेटीची, राख ओली, गुठळ्यांची पडते. मग कुणीतरी इन्स्पेक्शन डोअरपाशी कान देऊन येतो आणि "आवाज येतोय" म्हणतो. इथपर्यंत बहुतेक शिफ्ट इनचार्ज अगदी बरोबर असतात.

पुढचं वाक्य मात्र महागात पडतं: "लीक बारीक आहे, लोड कमी करून रविवारपर्यंत ओढू."

असं का वाटतं ते आम्हाला कळतं. इंडक्शन फर्नेसमध्ये हीट (धातू वितळवण्याचा एक घाणा) चालू असते, ऑर्डर अडकलेली असते. बॉयलरवर चालणारं तुमचं वीज युनिट बंद केलं तर महावितरणची वीज घ्यावी लागते, आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या (करारातल्या मर्यादेच्या) वर गेलं तर दंड वेगळा. पण त्या बारीक भोकातून दर चौरस सेंटिमीटरला 65-70 किलो दाबाची वाफ किंवा पाणी बाहेर पडत असतं, आणि वाटेतली राख सोबत घेऊन ते शेजारच्या ट्यूबवर सतत आदळत असतं. भट्टी उघडल्यावर अशी ट्यूब लगेच ओळखू येते. बाकी सगळ्यांवर राखेचा थर, आणि हिची एक बाजू घासलेल्या भांड्यासारखी चकचकीत. हात फिरवला तर गोलाई जाऊन सपाट लागते. तिथे जाडी मोजली की अनेकदा निम्मीही उरलेली नसते. ती फुटली की तिचा झोत उलटा पहिलीवर किंवा पुढच्या तिसरीवर. सोमवारी आम्ही येतो तेव्हा एका ट्यूबच्या जागी आठ-दहा ट्यूबचं काम झालेलं असतं. दोन जॉइंटचे वीस होतात, आणि प्रत्येक जॉइंटला फिटिंग, वेल्डिंग, एक्स-रे आलंच.

एएफबीसी बॉयलर (हवेच्या झोतावर उचललेल्या तापल्या थरात, म्हणजे बेडमध्ये, इंधन जाळणारा) असेल आणि लीक बेड कॉइलची (त्या थरात बुडालेल्या ट्यूबची) असेल तर गोष्ट आणखी वाईट. 850-900 अंशांच्या बेडमध्ये पाणी उतरतं, राख आणि बेड मटेरिअल भिजतं आणि थंड होताना दगडासारखं घट्ट बसतं. मग पहार, छिन्नी आणि चिपिंग हॅमर घेऊन कॉइलच्या खालून-वरून ते फोडून काढावं लागतं, तेही कॉइलवरचे स्टड (वेल्ड केलेले खुंट) आणि खालचे हवेचे नॉझल सांभाळत. तुम्ही ज्याला वेल्डिंगचे दोन दिवस समजता, त्यातला एक दिवस बऱ्याचदा या फोडाफोडीचा असतो. बेड ओला व्हायच्या आत बॉयलर उत्पादकाच्या पद्धतीने ड्रेन (खालून रिकामा) केलेला असला, तर आमचा वेल्डर सरळ कॉइलपाशी पोहोचतो. ही एक गोष्ट पाळणाऱ्या ग्राहकांची बिलं खरंच कमी येतात.

म्हणून आमचं सांगणं असं: आवाज पक्का झाला, मेकअप चढताच राहिला, की नियोजित शटडाउन घ्या आणि त्याच वेळी आम्हाला फोन करा. बॉयलर थंड होईपर्यंत थांबून फोन करू नका. थंड व्हायला लागणाऱ्या वेळातच आम्ही ट्यूब कापून, वेल्डिंगसाठी कडा तिरप्या करून, सामान गाडीत भरून निघतो.

एका बाबतीत मात्र नियोजनाला वेळच नसतो. फीड पंप चालू असून ड्रमची (पाणी आणि वाफ वेगळी होते त्या वरच्या टाकीची) लेव्हल धरत नसेल, गेज ग्लासमध्ये (लेव्हल दाखवणाऱ्या काचेत) पाणी दिसेनासं झालं असेल, तर बॉयलर ट्रिप करा, म्हणजे तत्काळ बंद करा. तापलेल्या कोरड्या ट्यूबमध्ये पाणी सोडून लेव्हल "परत आणायचा" प्रयत्न कुणीही करू नये. तसं केल्यावर एका ट्यूबचा प्रश्न राहत नाही, अख्ख्या वॉटरवॉलचा (भट्टीच्या भिंतीतल्या सगळ्या ट्यूबचा) होतो, आणि समोर उभ्या माणसांचा जीव जातो.

चालू बॉयलरवर राख किंवा क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) झोडून काढणं, ओल्या हॉपरचं झाकण उघडून सळई घालणं, हेही बंद करा. उत्तर प्रदेशात ऊंचाहारच्या वीज केंद्रात 1 नोव्हेंबर 2017 रोजी 500 मेगावॉटच्या सहाव्या युनिटमध्ये तळाला राख साचली होती. युनिट बंद न करता ती काढण्याचं काम चालू होतं. भट्टीतला दाब एकदम वाढला, गरम वायू आणि राख बाहेर फुटली आणि तीसहून जास्त माणसं गेली. ते तर मोठं, सगळी यंत्रणा हाताशी असलेलं केंद्र होतं. आपल्या 15-20 मेगावॉटच्या प्लांटमध्ये ऑपरेटरच्या अंगावर साधे सुती कपडे असतात.

आता आमच्या काही सवयींबद्दल, ज्यांवर साइटवर वाद होतो.

भट्टी पुरेशी थंड झाल्याशिवाय, आतला ऑक्सिजन तपासल्याशिवाय आणि तुमच्या सहीचं पर्मिट हातात असल्याशिवाय आमचा माणूस आत जात नाही. वर लटकलेला क्लिंकर आधी पाडून घेतो. आतले दिवे 24 व्होल्टचेच. लवकर थंड करण्यासाठी पाणी मारू नका, रिफ्रॅक्टरी (भट्टीचं उष्णता सोसणारं अस्तर) तडकते. ड्रमचा दाब दोन किलोपर्यंत उतरला की व्हेंट उघडा आणि ड्रमच्या वरच्या-खालच्या मेटल तापमानातला फरक पाहत पाहत थंड करा. यात घाई केली तर वाचलेले चार तास ड्रमच्या किंवा हेडरच्या (अनेक ट्यूब जिथे जुळतात त्या जाड पाइपच्या) जॉइंटमध्ये फेडावे लागतात.

"वरून पॅड वेल्डिंग मारून द्या, बघू नंतर" ही मागणी आम्ही नाकारतो. पातळ झालेल्या ट्यूबवर थर चढवला की उष्णतेने शेजारचा पत्रा आणखी दुबळा होतो, आणि लाइट-अपनंतर (भट्टी पुन्हा पेटवल्यावर) लीक त्याच थराच्या कडेला येतो. आम्ही खराब तुकडा कापून नवा घालतो, आणि आजूबाजूच्या ट्यूबची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून कागदावर देतो. त्या मोजणीचे वेगळे पैसे लावत नाही. हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीत) दुसरी ट्यूब फुटून परत पाणी काढावं लागणं तुम्हालाही परवडत नाही आणि आम्हालाही.

बाष्पके संचालनालयाची (बॉयलरवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची) परवानगी आणि प्रमाणित वेल्डर याला पर्याय नाही. 1923 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2025 चा बॉयलर अधिनियम आला, पण ही जबाबदारी तशीच राहिली आहे. कागद आम्ही तयार करून देतो. सही आणि बॉयलरचं मूळ फोल्डर मात्र तुमच्याकडून वेळेत मिळायला हवं.

आणि फुटलेला तुकडा भंगारात टाकू नका. कापण्याआधी फोटो काढा, तुकड्यावर खडूने कॉइल नंबर आणि वायूची दिशा लिहा. फुटलेल्या जागेचे ओठ पातळ, चाकूसारखे उघडले असतील तर कारण एक. जाड आणि तडकलेले असतील तर दुसरं. आतून खड्डे पडले असतील तर पाण्याच्या ट्रीटमेंटकडे पाहावं लागतं. कारण न कळता ट्यूब बदलली तर महिन्याभरात आम्ही पुन्हा तिथेच असतो. आम्हाला काम मिळतं, पण असं काम आम्हाला नको आहे.

फोनवर एवढं सांगा: लीक कुठे वाटतो, ट्यूबचा बाहेरचा व्यास आणि जाडी, आणि मटेरिअलचा ग्रेड. "साधीच ट्यूब आहे" एवढ्यावर आम्ही निघू शकत नाही. सुपरहीटरमध्ये (वाफ आणखी तापवणाऱ्या भागात) टी-11 (उष्णता सोसणारं मिश्र पोलाद) च्या जागी साधी कार्बन स्टील बसली तर ती थोड्या दिवसांत फुगून फुटते. टी-91 (त्याहून वरच्या ग्रेडचं पोलाद) असेल तर प्रीहीट आणि नंतरच्या हीट ट्रीटमेंटची मशीन सोबत आणावी लागते. ड्रॉइंग मिळत नसेल तर आताच, बॉयलर चालू असताना, शोधून आम्हाला पाठवून ठेवा. ज्यांची ड्रॉइंग आमच्याकडे आहेत, त्यांच्या नेहमी लागणाऱ्या ट्यूब आम्ही नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या वर्कशॉपमध्ये टेस्ट सर्टिफिकेटसह बाजूला काढून ठेवतो. वार्षिक शटडाउनमध्ये जाडीची पूर्ण मोजणी आमच्याकडून करून घेणाऱ्यांना रात्रीच्या कॉलचा जादा दर लागत नाही.

फोन रात्रीही उचलला जातो. नंबर मागच्या पानावर आहे. हे पान कंट्रोल रूममध्ये, शिफ्ट इनचार्जच्या टेबलाजवळ लावा.