बेल्ट ओरडतो, पण दोष कुणाचा?

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गल्लीतला जुना ट्रक पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवतो. स्टार्टर फिरतो, इंजिन धडधडतं आणि मग ती किंकाळी. पंधरा-वीस सेकंदांत थांबते. ड्रायव्हरमामा बेल्टला (इंजिनच्या जोरावर वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवणारा रबरी पट्टा) साबण चोळायचे. एकदा तर डिझेलचा बोळा फिरवला. दोन दिवस आवाज बंद, तिसऱ्या दिवशी दुप्पट. रबराला तेल-डिझेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं. आवाज गेला तरी बेल्टचं आयुष्यही जातं.

सारंगीचा गज आणि हा बेल्ट एकाच कारणाने वाजतात. गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात हे सांगायला सोपं जातं. राळ लावलेला गज तारेला धरतो, ओढतो, सोडतो, पुन्हा धरतो. बेल्टही पुलीवर असाच चिकटतो, ताणला जातो, निसटतो. सेकंदाला शेकडो वेळा. फरक इतकाच की सारंगीवाल्याचा हात तयार असतो.

पहाटेच का? स्टार्टरने बॅटरीतून बराच करंट ओढलेला असतो. इंजिन सुरू होताच बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ती भरपाई करायला लागतो आणि जड फिरतो. त्यात त्याची पुली लहान, बेल्टचा वेढा कमी. घसरायला सुरुवात तिथूनच.

आता वेढ्याचा हिशेब. दोरी गोल खांबाला गुंडाळली की घर्षणाने पकड किती वाढते, याचं सूत्र ऑयलरने अठराव्या शतकात मांडलं. घर्षणाचा गुणांक ०.३ आणि वेढा अर्धा धरला, तर सपाट पट्ट्याच्या ओढत्या बाजूचा ताण ढिल्या बाजूच्या जेमतेम अडीच पट होऊ शकतो. त्यापुढे पट्टा घसरतो. तोच पट्टा ३८ अंशांच्या व्ही आकाराच्या खाचेत बसवा, मग हा आकडा सतरा-अठरा पटींवर जातो. पाचरीसारखा बेल्ट खाचेच्या दोन भिंतींत आवळला जातो. म्हणजे पकड भिंतींची. तळाचा तिथे काही संबंध नाही, आणि नसायलाच हवा.

अखेर मामा ट्रक घेऊन कारखाने-वर्कशॉपच्या उद्यमनगरात गेले, मीही सोबत होतो. मिस्त्रींनी आधी पाण्याची बाटली घेतली. इंजिन चालू ठेवून, हात आणि गळ्यातला टॉवेल फॅनपासून लांब ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूला थोडं पाणी उडवलं. आवाज काही सेकंद थांबून परत आला असता, तर पुल्या एका रेषेत नाहीत असा संशय घ्यायचा. इथे तो लगेच वाढला. म्हणजे बेल्ट घसरतोय.

इंजिन बंद केलं. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठा दाबला: बेल्ट साधारण १२ मिलिमीटर दबला. ताण ठीक. मामा म्हणाले, "मग आवळा की जरा!" मिस्त्रींनी मान हलवली. फाजील आवळला तर आवाज बसेल, पण वॉटर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग जाईल. बेल्ट काढून पुल्या हाताने फिरवून पाहिल्या. कुठे खरखर नाही, लचक नाही.

मग त्यांनी टॉर्चचा उजेड अल्टरनेटरच्या पुलीवर मारला. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत होता.

"बेल्ट न्हाई ओ मामा, पुली गेलीया."

वर्षानुवर्षांच्या धुळीने खाचेच्या भिंती झिजल्या होत्या. बेल्ट खाली उतरून तळावर टेकला होता. पाचर संपली, राहिला सपाट पट्टा. वर्षभरात मामांनी दोन नवे बेल्ट टाकले होते, दोन्ही तसेच ओरडले. (दोष पुलीत आणि खर्च बेल्टवर, हे प्रकरण फार गाड्यांत दिसतं.)

पुली शेजारच्याच लेथवर नवी करून घेतली. त्या बाबतीत आपलं गाव नशीबवान. नवा बेल्ट चढवताना मामांनी टॉमी (लोखंडी दांडा) उचलली, ती मिस्त्रींनी काढून घेतली. टॉमीने रेटून चढवला की आतले धागे तुटतात आणि वरून काहीच कळत नाही. अल्टरनेटर ढिला करून, आत सरकवून बेल्ट हाताने बसवला आणि मग ताण दिला. अर्धा तास इंजिन चालवलं. नवा बेल्ट खाचेत बसतो तसा थोडा सैल पडतो. अंगठ्याखाली तो आता जास्त दबत होता. मिस्त्रींनी अल्टरनेटर पट्टीवर बोटभर बाहेर ओढला आणि बोल्ट पुन्हा कसला.