एकच प्रयोग, पण उंदीर वेगळे

विजेच्या तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राने कर्करोग होतो का, ही शंका १९७९ साली डेन्व्हरमधल्या एका पाहणीने पुढे आणली. कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या घरांजवळ जास्त प्रवाह वाहून नेणाऱ्या तारा अधिक दिसल्या होत्या. शंका वाजवी होती, पण पेच असा की घरगुती विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या क्षेत्रात डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जाच नसते. मग तपासायचे कसे? अर्थात प्राण्यांवर.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने उंदरांना दोन वर्षे, रोज साडेअठरा तास, २ ते १००० मायक्रोटेस्लाच्या (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक) क्षेत्रात ठेवले. घरात हे क्षेत्र सहसा ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास असते, म्हणजे चाचणी कडक होती. नर रॅटमध्ये (रॅट म्हणजे मोठ्या जातीचा उंदीर) थायरॉइडच्या काही गाठी २ आणि २०० मायक्रोटेस्लाला थोड्या वाढल्या, १००० ला मात्र नाही. मात्रा वाढली की परिणाम वाढायला हवा. इथे तसे झाले नाही. म्हणून निष्कर्ष ‘संदिग्ध’ असा नोंदवला गेला, आणि तो प्रामाणिक आहे असे मला वाटते.

खरी गुंतागुंत स्तनाच्या गाठींच्या प्रयोगांत आहे. जर्मनीत हॅनोव्हरच्या वोल्फगांग ल्योशर यांच्या गटाने मादी रॅटना आधी डीएमबीए हे कर्करोगकारक रसायन दिले आणि मग १०० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात सुमारे तीन महिने ठेवले. गाठी वाढल्या. अमेरिकेत हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा वाढ दिसली नाही. पहिल्या अमेरिकी चाचणीत तर क्षेत्राबाहेर ठेवलेल्या माद्यांपैकीही ९० टक्क्यांहून अधिक जणींना गाठी झाल्या होत्या. मुळातच जवळपास सगळ्या आजारी पडल्या, तर क्षेत्राने भर घातली की नाही हे कळणार कसे? पुढच्या चाचणीत रसायनाची मात्रा कमी केली, तरी वाढ दिसली नाही.

मग ल्योशर यांच्या गटाने रॅटकडेच पाहिले. दोन्हीकडे वाण ‘स्प्रॅग-डॉली’च, पण वेगवेगळ्या ठिकाणी वाढवलेल्या त्याच्या उपशाखा वेगळ्या. २००४ मध्ये त्यांनी अशा दोन उपशाखांवर एकाच प्रयोगशाळेत प्रयोग केला. एकीत गाठी वाढल्या, दुसरीत नाहीत. मला हा सगळ्या वादातला सर्वांत मोलाचा शोध वाटतो. जनुकीय घडणीतला बारीक फरकही उत्तर उलटवू शकतो, हे त्यातून दिसते. अर्थात, एका उपशाखेत दिसलेला परिणाम सगळ्या प्राण्यांना, त्यातही माणसाला, लागू करता येत नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात ठेवले. त्यामागे आधार होता मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पाहण्यांचा: ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक सरासरी क्षेत्र असलेल्या घरांत धोका साधारण दुप्पट दिसला होता. प्राण्यांवरचा पुरावा संस्थेने अपुरा ठरवला. यात एक अडचण मूलभूत आहे: मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांना सहसा आपोआप होतच नाही. त्यामुळे ज्या आजारामुळे प्रश्न उभा राहिला, त्याची थेट तपासणी या मोठ्या प्रयोगांत झालीच नाही.