सोलापुरातून मोटर रेसिंगचा परवाना: चालक, संघ आणि इंजिन यांची कागदपत्रे

सोलापुरातून सर्किट रेसिंगमध्ये उतरायचे असेल तर कागदपत्रांचे तीन वेगळे संच लागतात. पहिला चालकाच्या स्पर्धा परवान्याचा, दुसरा संघाच्या म्हणजे एन्ट्रंटच्या परवान्याचा आणि तिसरा गाडी व इंजिनच्या स्क्रुटिनीचा, म्हणजे तांत्रिक तपासणीचा. पहिल्यासाठी सगळेच धावपळ करतात. ट्रॅकवर पोहोचल्यावर गाडी अडते ती बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या संचामुळे, म्हणून इथे भर त्यांच्यावर आहे.

परवाना कोण देते

चारचाकी रेसिंगचे जागतिक नियम एफआयए ठरवते, दुचाकीचे एफआयएम. भारतात या दोन्ही संस्थांच्या वतीने परवाने देते ती फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, थोडक्यात एफएमएससीआय. मुख्यालय चेन्नईत आहे आणि अर्ज फेडरेशनच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. सोलापूरच्या आरटीओचा किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचा या परवान्याशी काही संबंध नाही. एमएच-१३ चे लायसन्स रस्त्यावर गाडी चालवण्यासाठी आहे. ते अर्जाला जोडायला लागते, पण त्यावर ट्रॅकवर उतरता येत नाही. ऑनलाइन अर्ज स्वतः भरता येतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

परवाना कॅलेंडर वर्षापुरता असतो. ऑक्टोबरात काढला तरी ३१ डिसेंबरला संपतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज करावा. शुल्क आणि परवान्याचे प्रकार दरवर्षी नव्याने जाहीर होतात. मागच्या वर्षीचा फॉर्म मित्राकडून घेऊन भरू नका.

चालकाचा अर्ज

साधारण लागणारी कागदपत्रे अशी: पासपोर्ट आकाराचा फोटो, आधार किंवा पासपोर्ट, जन्मतारखेचा पुरावा, वाहन चालवण्याचे लायसन्स, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, रक्तगटाचा अहवाल. मूल अल्पवयीन असेल तर सुरुवात कार्टिंगपासून होते आणि पालकांचे लेखी संमतीपत्र लागते.

सोलापुरात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. तेलुगू आणि कन्नड घरांतल्या आडनावांचे इंग्रजी स्पेलिंग शाळेत एक, बँकेत दुसरे. रेसिंगमध्ये विमा, परवाना आणि स्पर्धेचा प्रवेश-अर्ज हे तीनही एकाच नावावर जुळावे लागतात, कारण अपघात झाला तर विमा कंपनी हेच तीन कागद शेजारी ठेवून बघते. त्यामुळे आधी आधार आणि लायसन्सवरचे नाव सारखे करून घ्या, अर्जाला त्यानंतरच हात लावा. जन्मदाखला महापालिकेचा असेल तर तोच जोडावा. शाळा सोडल्याचा दाखला दुय्यम ठेवावा.

वैद्यकीय दाखला एमबीबीएस किंवा त्यावरील पदवीच्या डॉक्टरांकडून घ्या. शिक्क्यावर नोंदणी क्रमांक स्पष्ट उमटला पाहिजे. स्कॅन करताना बहुतेकांचा तोच पुसट येतो. रक्तगट तोंडी सांगून लिहून घेऊ नका, लॅबचा अहवाल जोडा. हाच रक्तगट पुढे सूटवर आणि गाडीवर नावाशेजारी लिहायचा असतो.

हेल्मेट, सूट आणि मानेचे संरक्षण यांचे मानक-लेबल स्क्रुटिनीत बघितले जाते. रस्त्यावरचे आयएसआय हेल्मेट कार रेसिंगला चालत नाही. एफआयए मानकाचे किंवा स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए मालिकेचे लागते. सूटचे लेबल कॉलरजवळ शिवलेले असते. सेकंडहँड सूट घेताना ते कापलेले नाही ना, हे आधी बघा. लेबल नसलेला सूट कितीही चांगला असला तरी नापास.

नवख्यांसाठी कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरची जेके टायर मालिकेतली नोव्हिस कप ही सोयीची पायरी आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. सोलापूर मुंबई-चेन्नई मुख्य लोहमार्गावर असल्याने माणसांची ये-जा अवघड नाही, अवघड असते ती गाडीची. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

संघाचा अर्ज: सही कोणाची

एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेत जबाबदारी चालकावर संपत नाही. गाडी ज्याच्या नावाने स्पर्धेत उतरते तो एन्ट्रंट. चालक, मेकॅनिक, पाहुणा म्हणून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या गाडी तयार करण्याच्या जागेत) आलेला माणूस, यातल्या कोणीही नियम मोडला तरी उत्तर एन्ट्रंटने द्यायचे असते. मेकॅनिकने पिटमध्ये पेट्रोल भरताना अग्निशामक जवळ ठेवला नाही तर दंडाची नोटीस मेकॅनिकला येत नाही.

म्हणून अर्ज करण्याआधी घरातल्या घरात एक निर्णय घ्या: सही करणारा माणूस कोण? चालक स्वतःच एन्ट्रंट असेल तर त्याला दोन्ही परवाने लागतात आणि तो हेल्मेट घालून गाडीत बसलेला असताना स्टुअर्डसमोर, म्हणजे स्पर्धेत निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर उभे राहायला कोणी उरत नाही. ज्याने पैसे घातले त्यालाच प्रमुख करण्याची पद्धत सर्रास आहे, पण तो स्पर्धेच्या दिवशी दुकान सोडून येणार नसेल तर त्याचे नाव देऊन उपयोग नाही.

संस्थेच्या नावाने अर्ज करताना पॅन, भागीदारी पत्र किंवा कंपनी नोंदणी, शॉप अ‍ॅक्ट वा उद्यम नोंदणी, असल्यास जीएसटी क्रमांक, आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारे पत्र तयार ठेवा. या पत्रात एक ओळ मुद्दाम घाला: संबंधित व्यक्तीला संघाच्या वतीने तक्रार व अपील दाखल करण्याचा आणि त्यासाठी रक्कम भरण्याचा अधिकार आहे. कारण वेळ फार कमी असतो. निकालाविरुद्धची तक्रार निकाल लागल्यापासून ३० मिनिटांत, स्टुअर्डच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची सूचना १ तासात द्यावी लागते. तक्रार करण्याचा हक्क फक्त एन्ट्रंटला आहे, आणि ती लेखी व शुल्कासह लागते. सोलापूरला फोन लावून मालकाला विचारेपर्यंत अर्धा तास निघून जातो.

वरच्या पातळीवरही नेत्याचे खरे काम असेच असते. फॉर्म्युला वनमध्ये २००४ पासून एका शर्यतीच्या आठवड्याला एकच इंजिन, २००५ मध्ये दोन शर्यतींना एक, २००९ मध्ये मोसमाला ८, २०१४ मध्ये ५ आणि २०१८ मध्ये ३ अशी मर्यादा आवळत गेली. अलीकडच्या नियमांत मर्यादेबाहेरचा इंजिनचा पहिला घटक वापरला की सुरुवातीच्या रांगेत १० जागांची, त्याच प्रकारचा पुढचा वापरला की ५ जागांची शिक्षा आहे. मग थकलेले इंजिन आणखी एक शर्यत ओढायचे की शिक्षा घेऊन नवे बसवायचे, हे अभियंता आकडे देऊन सांगतो. ठरवायचे संघप्रमुखाने असते. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर व्हर्स्टापेनच्या संघाने पुढे जायला सोपा असलेला ट्रॅक बघून शिक्षा पत्करली, तो १४व्या जागेवरून निघाला आणि जिंकला. त्याच वर्षी बार्सिलोना आणि बाकू इथे लक्लेर आघाडीवर असताना फेरारीचे इंजिन गेले, आणि मोसम संपताना संघप्रमुख बिनोट्टो यांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये मलेशियातल्या सेपांगला हॅमिल्टन आघाडीवर असताना मर्सिडीजच्या इंजिनची बिग-एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथली) गेली. विजेतेपद त्याने ५ गुणांनी गमावले. आपल्याकडे रक्कम लहान असते, पण निर्णय याच जातीचा असतो, आणि तो कोणी घ्यायचा हे अर्जावरच्या सहीने आधीच ठरलेले असते.

इंजिन: सील आणि वही

एकाच प्रकारच्या गाड्यांच्या मालिकांत इंजिन बहुधा सील केलेले असते. सील म्हणजे ठरावीक बोल्टांच्या डोक्यांतून ओवलेली तार आणि तिला क्रमांकाचा टोकन. तार तुटली, सैल झाली किंवा क्रमांक जुळला नाही तर आतले इंजिन नियमात असूनही निकाल रद्द होतो. धुताना प्रेशर पंपाचा फवारा सीलवर मारू नका. गाडी ताब्यात घेताना, ट्रॅकवर पोहोचल्यावर आणि शर्यत संपल्यावर, तिन्ही वेळा सीलचा क्रमांक दिसेल असा फोटो काढा. सील काही कारणाने उघडावे लागणार असेल तर आधी स्क्रुटिनियरला लेखी कळवा आणि त्याच्यासमोर उघडा. नंतर दिलेले स्पष्टीकरण कोणी ऐकत नाही.

स्क्रुटिनीत इंजिनाभोवतीच्या या गोष्टी हमखास बघतात: ऑइलच्या ब्रीदरला, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीला, सांडणारे ऑइल धरणारा कॅच टँक (२००० सीसीपर्यंत किमान २ लिटर, त्यावर ३ लिटर), अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल पूर्ण बंद करणारी स्प्रिंग, ऑइल ड्रेन प्लगची लॉकवायर, आणि बाहेरून बंद करता येणारा मास्टर स्विच. स्विचचे चिन्ह पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी असे, पाया किमान १२ सेंटिमीटर. इंजिन चालू असताना स्विच फिरवून ते बंद पडते का हे बघतात. अल्टरनेटरची वायर स्विचमधून नेलेली नसेल तर इंजिन चालूच राहते आणि गाडी परत पाठवली जाते.

वही म्हणजे इंजिनची नोंदवही. साधी शंभर पानी चालते. तारीख, ट्रॅक, हवेचे तापमान, इंजिन किती मिनिटे चालले, सर्वाधिक आरपीएम, ऑइलचे प्रेशर आणि तापमान, ऑइल-फिल्टर कधी बदलला, टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट), सील क्रमांक, आणि नोंद करणाऱ्याची सही. संघप्रमुखाने शर्यतीच्या दिवशी ही वही बघूनच "चालवा" किंवा "थांबा" म्हणायचे.

वहीतली सर्वांत मोलाची नोंद फिल्टरची. उतरवलेला फिल्टर कटरने कापा, कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर पसरा आणि उन्हात बघा. चकाकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड. चिकटले नाहीत आणि तांबूस-रुपेरी असतील तर बेअरिंग खायला लागली आहे, इंजिन तिथेच थांबवा. साध्या संपच्या, म्हणजे तळाच्या पात्रात ऑइल साठवणाऱ्या इंजिनात लांब वळणावर ऑइल एका बाजूला जाते, ऑइल ओढणारी नळी हवा ओढते, प्रेशर दोन-तीन सेकंद पडते आणि बेअरिंग तेवढ्यात भाजते. ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा, संपमध्ये बॅफल प्लेट (ऑइल अडवणारा पत्रा) बसवण्याची नियमात मुभा असेल तर ती बसवा.

कार्ब्युरेटरच्या इंजिनाला सोलापूरची आणखी एक अडचण आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच, कोइम्बतूर ४०० च्या आसपास, चेन्नई जवळजवळ समुद्रालगत. इथे जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) जुळवलेले इंजिन कोइम्बतूरला साधारण तसेच चालते, पण चेन्नईच्या दाट हवेत मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पिकअप बरा वाटतो, नॉकिंग (सिलिंडरमधली खडखड) सुरू होते आणि पिस्टनचा माथा भोक पडेपर्यंत तापतो. सरावाच्या पहिल्या पाच फेऱ्यांनंतर प्लग काढून बघा. पांढराफटक असेल तर मोठा जेट लावा. नेमके उलट, एप्रिल-मेच्या चाळीस अंशांवर इथे सराव करून रेडिएटर पास झाला तर थंडीच्या मोसमात तो सहसा त्रास देत नाही.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी

महाविद्यालयाच्या संघाला वेगळा मार्ग आहे. फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा कारीवर होते आणि तिचे तांत्रिक नियम फॉर्म्युला स्टुडंट या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेच्या धर्तीवर आहेत: इंजिन ७१० सीसीपर्यंत, पेट्रोल इंजिनाला हवेच्या मार्गात २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (हवा मर्यादित करणारे अरुंद तोंड), कूलंट म्हणून फक्त साधे पाणी. नोंदणीसाठी बोनाफाइड, प्राचार्यांचे पत्र, मार्गदर्शक प्राध्यापकाचे नाव, चालकांची लायसन्स आणि वैद्यकीय विमा जमवून ठेवा. पाणीच भरायचे असल्याने आत गंज धरतो, म्हणून स्पर्धेनंतर रेडिएटर रिकामा करून वाळवा. सुमारे २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या चाचणीत, निम्म्यावर चालक बदलतो आणि तापलेले इंजिन पुन्हा चालू करावे लागते. कित्येक गाड्या तिथेच संपतात: बॅटरी लहान, किंवा पेट्रोलची लाइन एक्झॉस्टला खेटून गेल्याने आत वाफ धरलेली. सोलापुरात सराव करताना दर वेळी अकरा किलोमीटरनंतर तीन मिनिटे थांबून पुन्हा स्टार्ट करायची सवय लावा आणि तेही वहीत लिहा. संघाचा कर्णधार शेवटच्या वर्षाचा असेल तर तिसऱ्या वर्षातल्या एकाला उपकर्णधार करून सर्व फॉर्मवर त्याचाही ई-मेल द्या. कर्णधार नोकरीवर रुजू झाला की पासवर्ड त्याच्यासोबत जातो.

फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्सची, म्हणजे तिथे शर्यतीत उतरण्याच्या परवान्याची चौकशी नेहमी होते, म्हणून एवढेच: साधारण १८ वर्षे वय, तीन मोसमांत ४० गुण, फॉर्म्युला वन गाडीतले ३०० किलोमीटर, आणि नियमांची परीक्षा. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेला पहिला भारतीय.

गाडी नेताना

रेस कारला आरटीओ नोंदणी नसते, त्यामुळे ती रस्त्यावर एक किलोमीटरही चालवता येत नाही. ट्रेलर किंवा टेम्पोच लागतो. विजापूर रस्त्याने कर्नाटकात शिरण्याआधी डिलिव्हरी चलन आणि, मालाची किंमत ५० हजारांच्या वर असेल तर, ई-वे बिल तयार असावे. चलनात "विक्रीसाठी नाही, स्पर्धेसाठी नेत असून परत आणणार" असे लिहा, चॅसिस आणि इंजिन क्रमांक घाला आणि परतीच्या प्रवासाचे ई-वे बिल वेगळे काढा. सोबत स्पर्धेचा स्वीकारलेला प्रवेश-अर्ज छापून ठेवा. रेल्वेने पार्सल पाठवत असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून, झाकण उघडे ठेवून वास जाऊ द्या. पेट्रोलचा वास आला तर पार्सल कार्यालय माल घेत नाही.