लिनक्सवरील माउस-बटणांची फेरमांडणी

लिनक्स डेस्कटॉपवर माउसच्या कोणत्या बटणाने कोणते काम करायचे हे वापरणाऱ्याने ठरवून घेणे, म्हणजे बटणांची फेरमांडणी. डावखुऱ्यांसाठी डावे-उजवे बटण आलटणे, अंगठ्याजवळच्या बटणांना कॉपी-पेस्ट नेमून देणे, नको असलेले बटण बंद करणे हे तिचे नेहमीचे प्रकार.

बटण दाबल्याची खबर माउसमधल्या चिपकडून कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे), तिथून पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरकडे आणि मग प्रोग्रामकडे जाते. बदल यांपैकी कुठे केला यावर तो किती टिकेल हे ठरते.

कर्नलच्या लेखी डावे बटण २७२, उजवे २७३, मधले २७४. १९८७ साली आलेल्या एक्स११ या डिस्प्ले सर्व्हरच्या प्रणालीत मात्र डावे १, मधले २, उजवे ३. गंमत म्हणजे चाक फिरवणे हेही तिथे बटण दाबणेच: वर ४, खाली ५, आडवे ६ आणि ७. म्हणून अंगठ्याच्या बटणांच्या वाट्याला ८ आणि ९ येतात. कोणते बटण कोणता क्रमांक पाठवते हे एक्सईव्ह हे साधन दाखवते. एक्समॉडमॅप या दुसऱ्या साधनाला ‘३ २ १’ हा क्रम दिला की डावे-उजवे आलटते. एक्सइनपुट तेच काम एकाच माउसपुरते करते. दोन्ही बदल सहसा लॉगआउटबरोबर पुसले जातात. ठाण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका संगणकावर दिवसभर वेगवेगळ्या तुकड्या बसत असतील, तर हे सोयीचेच: एका डावखुऱ्याची मांडणी पुढच्याच्या माथी बसत नाही.

एक्स११च्या जागी आलेल्या वेलँड या नव्या प्रणालीवर ही साधने उपयोगाची नाहीत. फेडोरा या लिनक्सच्या आवृत्तीने २०१६ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपसाठी वेलँड हाच मूळ पर्याय केला. ग्नोमच्या सेटिंगमध्ये डावे-उजवे आलटण्यापलीकडे फारसे काही नाही. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपवर ५.२६ पासून (२०२२) जादा बटणांना कीबोर्डच्या कळा जोडता येतात. इनपुट-रीमॅपर हा प्रोग्राम खऱ्या माउसचे संदेश अडवून आभासी उपकरणातून बदललेले संदेश पुढे सोडतो, म्हणून तो एक्स११ आणि वेलँड दोन्हीकडे चालतो. त्याला रूटचे, म्हणजे संगणकाच्या प्रशासकाचे, अधिकार लागतात, आणि महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत ते कर्मचाऱ्याच्या हाती क्वचितच असतात. अशा वेळी पायपर हा प्रोग्राम बरा. तो बटणांची मांडणी माउसच्याच स्मृतीत लिहितो. घोडबंदर रोडवरच्या घरी लावलेली मांडणी ऐरोलीच्या संगणकावरही तशीच चालते. मात्र माउसला स्वतःची स्मृती हवी. ती प्रामुख्याने गेमिंगच्या माउसमध्ये असते. साध्या स्वस्त माउसला हा मार्ग बंद.

विंडोजवरून आलेल्यांना सर्वांत जास्त छळते ते मधले बटण. नुसता निवडलेला मजकूर लिनक्समध्ये मधल्या क्लिकने चिकटतो, आणि चाक फिरवताना बोट जड पडले की भलत्याच जागी उमटतो. त्यासाठी अख्खे बटणच बंद करण्याची गरज नाही. ग्नोम ट्वीक्स या जादा सेटिंगच्या प्रोग्राममध्ये एवढीच सवय बंद करता येते, आणि मधल्या क्लिकने दुवा नव्या टॅबमध्ये उघडण्याची सोय शाबूत राहते.