नाव तेच म्हणून मतदारसंघ तोच?

‘आमच्या मतदारसंघात 1962पासून एकाच घराण्याचं वर्चस्व’ अशी यादी दर निवडणुकीला फिरते. यादीतली नावं बहुधा बरोबर असतात, चुकतं ते गृहीतक: नाव तेच, म्हणून मतदारसंघही तोच.

महाराष्ट्र विधानसभेत 1962 साली 264 जागा होत्या, 1967 ला 270 आणि 1978पासून 288. म्हणजे हद्दी बदलतच आल्या. सर्वात मोठा फेरफार 2008च्या परिसीमन आदेशाने, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणाऱ्या आदेशाने झाला. तो 2001च्या जनगणनेवर आधारलेला होता आणि विधानसभेला पहिल्यांदा 2009 मध्ये लागू झाला. एकूण जागा 288च राहिल्या, पण मुंबई शहराच्या 17 वरून 10 झाल्या आणि ठाणे जिल्ह्याच्या 13 वरून 24. पुण्यातला भवानी पेठ मतदारसंघ संपला. कोथरूड, हडपसर नव्याने आले. क्रमांकावरही विसंबू नका. 2004 साली 1 क्रमांक सावंतवाडीचा होता, 2009पासून अक्कलकुव्याचा आहे.

पडताळणी करायची तर 1976 आणि 2008चे परिसीमन आदेश शेजारी ठेवा. ग्रामीण भागात तालुका, महसूल मंडळ, सजा (तलाठ्याच्या हाताखालची गावं) आणि शहरात प्रभाग अशी हद्द त्यात दिलेली असते. आपलं गाव दोन्हीकडे शोधा. मग आरक्षण बदललं का ते बघा, कारण खुली जागा राखीव झाली की उमेदवारच बदलतात. पोटनिवडणुकाही तपासा, फिरत्या याद्यांतून त्या हमखास गळतात. हद्द जिथे बदलली, तिथे यादीत ठळक रेघ मारा आणि रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या मतांची थेट तुलना करू नका.