मवाळ आणि जहाल पक्ष (मुंबई)

मवाळ आणि जहाल पक्ष : भारतीय राष्ट्रीय काँग्रेसमधील दोन प्रवाह. मवाळांची भिस्त सनदशीर अर्ज-विनंत्या, कायदेमंडळ व इंग्लंडमधील लोकमतावर होती. जहालांची स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीवर. जहाल स्वतःला राष्ट्रीय पक्ष म्हणवीत. पक्षभेदाचा काळ स्थूलमानाने १८९५ ते १९१८ धरतात.

आरंभाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये १८९३-९४ साली आलेल्या अरविंद घोष यांच्या लेखमालेपर्यंत मागे नेतात. काँग्रेसच्या भिक्षावृत्तीवर तीत कडक टीका होती, न्या. म. गो. रानडे यांनी पत्राच्या चालकांना सावध केल्यावर ती सौम्य झाली, असे सांगितले जाते. मात्र या लेखांमागे संघटना नव्हती. त्यामुळे पुण्याची सार्वजनिक सभा ही राजकीय संस्था टिळकांच्या ताब्यात गेली आणि काँग्रेसच्या मंडपात समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरवण्यावरून पुण्यात रण माजले, ते १८९५ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. पुढच्याच वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा ही मवाळांची वेगळी संस्था काढली. वंगभंगापासून (बंगालची फाळणी, १९०५) आरंभ मानणे मुंबई इलाख्यापुरते तरी उशिराचे ठरते.

मुंबई शहर दीर्घकाळ मवाळांच्या हाती होते. काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले (७२ प्रतिनिधी). त्याच वर्षी स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनवर फिरोजशहा मेहता, का. त्र्यं. तेलंग व बद्रुद्दीन तय्यबजी यांचा प्रभाव होता. दिनशा वाच्छा मेहतांचे उजवे हात. जहालांना बळ मिळाले ते गिरगावच्या चाळींतून, गणेशोत्सवातून आणि पुढे गिरणगावातून.

सुरत अधिवेशनात (डिसेंबर १९०७) फूट पडली. ब्रिटिश पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी मंचावर आलेल्या जोड्याचे वर्णन केले आहे : तांबूस चामड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला मराठी जोडा. तो मवाळ नेते सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून मेहतांवर आदळला. तो नेमका कोणासाठी भिरकावला होता, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. निर्णय संभवत नाही.

२४ जून १९०८ रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईत अटक झाली. उच्च न्यायालयात १३ ते २२ जुलै खटला चालला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर न्या. दिनशा दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. हेच दावर १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे होते, आणि जामीन मंजूर करणारे न्यायाधीश तय्यबजी, म्हणजे काँग्रेसचे माजी अध्यक्ष. शिक्षेनंतर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस, ही संगती लोकप्रिय असली तरी ती आधी ठरली होती की मागाहून लावली गेली, याविषयी सावध राहणे बरे.

दोन्ही पक्षांतला खरा तिढा काँग्रेसच्या घटनेचा, म्हणजे नियमावलीचा होता. मवाळांच्या १९०८ च्या अलाहाबाद बैठकीत ठरलेल्या घटनेने साम्राज्यांतर्गत स्वराज्य व सनदशीर मार्ग हे ध्येय लेखी मान्य करण्याची अट घातली आणि प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मान्य संस्थांपुरता ठेवला. जहालांना मंडपाचे दारच बंद झाले. ती घटना सैल करण्यास मेहतांचा ठाम विरोध होता. गोखले फेब्रुवारी १९१५ मध्ये आणि मेहता त्याच नोव्हेंबरात वारले. डिसेंबरच्या मुंबई अधिवेशनात घटनादुरुस्ती होऊन, साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे एक उद्दिष्ट असलेल्या, किमान दोन वर्षे जुन्या संस्थांनी बोलावलेल्या जाहीर सभांना प्रतिनिधी निवडता येऊ लागले. १९१६ च्या लखनौ अधिवेशनातील मवाळ-जहाल समेटाचा पाया हाच. तेथील भाषणांना मिळणारे श्रेय काहीसे जास्त आहे.

समेट टिकला नाही. माँटेग्यू-चेम्सफर्ड योजनेवर (सरकारच्या राजकीय सुधारणांच्या प्रस्तावावर) विचार करण्यासाठी १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या खास अधिवेशनापासून बहुतेक मवाळ दूर राहिले. नोव्हेंबरात मुंबईतच सुरेंद्रनाथांच्या अध्यक्षतेखाली त्यांची वेगळी परिषद झाली. तिच्यातून नॅशनल लिबरल फेडरेशन हा मवाळांचा स्वतंत्र पक्ष निघाला.